क्रियापदापर्यंत थांबा: उत्स्फूर्त नाट्य शिकायला लागणाऱ्यांसाठी

एसटी स्टँडवरचा प्रसंग. मंचावर दोघं. पहिला घाबराघुबरा होऊन म्हणाला, "अहो, आपली पेटी गाडीतच राहिली!" दुसऱ्याने क्षणाचाही वेळ न दवडता टोला हाणला, "पेटी? तुमच्याकडं कधीपासून पेटी आली? तुमच्या अंगावरचा सदरासुद्धा माझा आहे." सगळे खो खो हसले आणि पुढच्या दहा सेकंदांत प्रसंग मेला. पेटीच नाही म्हटल्यावर गाडीमागे धावायला कारण उरलं नाही. पहिला बिचारा हवेत हात धरून उभा राहिला.

टोला हाणणारा मी होतो. माझ्या वाढत्या वयात हजरजबाबीपणाचं इतकं कौतुक झालेलं की उत्स्फूर्त नाट्य, म्हणजे इम्प्रोव्ह, मला आपोआप जमणार याची खात्रीच होती. आता काही वर्षं दर आठवड्याला नवख्यांबरोबर खेळल्यावर उलटा अनुभव गाठीशी आहे. लाजरी माणसं दोन-तीन बैठकांत मोकळी होतात. तोंडाळ माणसांना महिने लागतात, कारण त्यांचं उत्तर समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तयार असतं.

इम्प्रोव्ह म्हणजे संहिता नाही, पाठांतर नाही, तालमीत बसवलेलं काही नाही. दोन-चार जणांनी प्रेक्षकांसमोर तिथल्या तिथे प्रसंग उभा करायचा. आज जगभर शिकवली जाते ती पद्धत मुख्यतः दोन ठिकाणांहून आली. शिकागोत व्हायोला स्पोलिन यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून मुलांसाठी नाट्यखेळ रचले. अभिनयावर भाषण न देता एखादा खेळ द्यायचा, त्या खेळाच्या नादात अभिनय आपोआप होतो, ही त्यांची युक्ती. त्यांचा मुलगा पॉल सिल्स १९५९ साली शिकागोत सुरू झालेल्या सेकंड सिटी या मंडळीच्या संस्थापकांपैकी एक. दुसरं नाव कीथ जॉनस्टोन यांचं. लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये काम करून ते पुढे कॅनडातल्या कॅलगरीला गेले आणि तिथे १९७७ साली लूज मूस ही नाट्यसंस्था उभी राहिली. माणसामाणसांतला वरचढपणा आणि नमतेपणा रंगमंचावर कसा दिसतो, हे त्यांनी फार बारकाईने पाहिलं.

आपल्याकडे हे नवीन नाही. सिंधुदुर्गात जत्रेच्या रात्री दशावतार उभा राहतो तेव्हा नटांच्या हातात लिहिलेले संवाद नसतात. आख्यान ठरतं, कोण कोणता राजा आणि कोण राक्षस हे ठरतं, आणि हार्मोनियम, पखवाज, झांजेच्या साथीवर तासन्‌तास बोलणं चालतं ते जागच्या जागी सुचलेलं. तमाशातली बतावणीही अशीच वाढत गेलेली. फरक एवढाच की दशावतारी नटाच्या पाठीशी पुराणांचा साठा असतो, रावण कसा बोलेल हे त्याला लहानपणापासून ऐकून ठाऊक असतं. इम्प्रोव्हमध्ये तुमची पुराणं म्हणजे तुमची सोसायटीची मीटिंग, तुमची आत्या, तुमच्या ऑफिसातला शिपाई. साठा कमी नाही, वापरायची सवय नसते.

माणसं आणि जागा

एकट्याने हे शिकता येत नाही. सहा ते दहा माणसं लागतात. चारांत एकाला ताप आला की बैठक मोडते, आणि बारांच्या पुढे प्रत्येकाच्या वाट्याला खेळ येत नाही. आठवड्यातून एकदा, दोन तास, ठरलेला वार. जागा सोसायटीचा हॉल, सुट्टीच्या दिवशी शाळेचा वर्ग, काहीही चालेल. गच्ची टाळा, वाऱ्यात आवाज जातो आणि शेजारच्या गच्चीवर फुकटचे प्रेक्षक जमतात. पहिले दोन महिने कुणीही "नुसतं बघायला" येणार नाही हा नियम कडक ठेवा. बघणाऱ्या एका मित्रापायी आठ जण त्याला हसवायला लागतात.

दर बैठकीला एकजण बाहेर बसेल. त्याचं काम वेळ बघणं, "थांबा" म्हणणं आणि नंतर एकच गोष्ट सांगणं. पाच सांगू नयेत. हे काम आळीपाळीने करा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात तुमच्यात एक दिग्दर्शक जन्माला येतो.

पहिल्याच दिवशी आणखी एक ठरवून टाका: कुणाला कुठे हात लावलेला चालेल, कुठे नाही, आणि "थांब" म्हटलं की प्रसंग तिथल्या तिथे थांबेल, कारण विचारलं जाणार नाही. हेही बोलून घ्या की बाईचं काम म्हणजे चिरका आवाज आणि लचकणं नव्हे, आणि कुणाच्या जातीवर, बोलीवर, अपंगत्वावर स्वस्तातले हशे घेणं बंद. घाबरलेला नवखा हमखास या वाटांकडे वळतो, म्हणून आधीच सांगितलेलं बरं.

पहिला अर्धा तास

गोल करून उभे राहा. आधी टाळी फिरवा: एकाने दुसऱ्याच्या डोळ्यांत बघून टाळी वाजवायची, त्याने घेऊन तिसऱ्याला द्यायची, वेग वाढवत न्यायचा. मग आरसा. दोघं समोरासमोर, एक हळूहळू हालचाल करेल, दुसरा तंतोतंत तशीच. दोन मिनिटांनी अदलाबदल. मग बाहेरचा माणूस म्हणेल, "आता कुणीच पुढारी नाही." ही स्पोलिन यांच्या खेळांतली फार जुनी आणि फार खोल गोष्ट आहे. हात कोण हलवतंय हे दोघांनाही कळेनासं होतं, तो क्षण एकदा अंगाला कळला की पुढचं सगळं सोपं जातं.

मग वीस मोजा. गोलात, डोळे खाली, क्रम न ठरवता, एका वेळी एकानेच पुढचा आकडा म्हणायचा. दोघांच्या तोंडून एकदम आकडा आला की परत एकपासून. आमचा गट पहिल्या दिवशी सातच्या पुढे गेला नव्हता.

चूक झाली की करायचं काय? दोन्ही हात वर करायचे, मोठ्याने "झाली!" म्हणायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. पोरकट वाटेल. पण आपल्या शाळेने चूक झाली की मान खाली घालायला शिकवलेलं आहे, आणि मान खाली गेली की समोरचा दिसत नाही.

"हो, आणि"

इम्प्रोव्हचा सगळ्यात गाजलेला नियम: समोरच्याने मांडलेलं मान्य करा आणि त्यात भर घाला. समजायला सोपा, पाळायला अवघड. दोन-दोनच्या जोड्या करा आणि तीन फेऱ्या खेळा. विषय घरातल्या लग्नाचा. पहिल्या फेरीत प्रत्येक सूचनेला "नाही". दुसरीत "हो, पण". तिसरीत "हो, आणि".

पहिली फेरी भांडणाची होते, मजा येते, एका मिनिटात थकवा येतो. गंमत दुसरीत आहे. "हो, पण हॉल महाग पडेल." "हो, पण मग पाहुणे कुठे उतरणार?" ऐकायला सगळं सभ्य, प्रत्यक्षात लग्न जागचं हलत नाही. तुमच्या लक्षात येईल की आपण घरी, ऑफिसात, कट्ट्यावर दिवसभर याच फेरीत बोलत असतो. तिसरीत दोन मिनिटांत वरात होडीतून निघते आणि भटजी पोहत येतात.

इथे एक गोंधळ जवळजवळ सगळ्यांचा होतो. "हो" खेळाडूचा, पात्राचा नव्हे. "बाबा, मी नोकरी सोडली," या वाक्यावर बाबा चिडू शकतात, ताट भिरकावू शकतात. नोकरी सुटली, आपण बाबा, समोर आपलं मूल, एवढं मान्य केलं की झालं. "कोण बाबा? मी तर प्लंबर," हा मात्र नकार. माझं पेटीचं वाक्य याच जातीचं होतं. चांगलं वाक्य होतं ते, अजूनही आवडतं मला. पण पेटी मान्य करून "अरे देवा, त्यात तर वहिनींचे दागिने!" एवढं म्हटलं असतं तर पुढची पाच मिनिटं आम्ही पळत असतो.

मराठी वाक्याचा फायदा

इंग्रजीत शिकून आलेले खेळ मराठीत जसेच्या तसे खेळू नका. आपल्या वाक्याची घडण वेगळी आहे आणि ती या कामाला फार उपयोगी आहे.

आपलं क्रियापद शेवटी येतं. "मी तुझी पत्रं काल रात्री सगळी..." इथपर्यंत ऐकून काहीच कळत नाही. वाचली, जाळली, विकली, की तुझ्या आईला दिली? प्रसंगाची दिशा त्या शेवटच्या शब्दात असते. "सगळी" वर तोंड उघडणारा खेळाडू आपल्याच जोडीदाराची भेट पायाखाली तुडवतो. म्हणून हा सराव महिनाभर, दर बैठकीत: समोरच्याच्या वाक्यातला शेवटचा शब्द हा तुमच्या वाक्याचा पहिला शब्द. "...सगळी जाळली." "जाळली म्हणून बरं झालं, नाहीतर मीच..." सुरुवातीला संवाद लंगडतो. दोन आठवड्यांनी माणसं खरोखर वाक्य संपेपर्यंत थांबायला लागतात, आणि थांबणारा माणूस मंचावर आपोआप चांगला नट दिसतो.

दुसरा खेळ एकेक शब्दाच्या गोष्टीचा. गोलात प्रत्येकाने एकच शब्द घालायचा. विभक्ती शब्दालाच चिकटलेली, म्हणून "गच्चीवरून" हा एक शब्द. समजा "काकूंनी" आलं, मग "शेजाऱ्यांची". आता तिसऱ्याला "फणस" म्हणता येणार नाही, "कढई" किंवा "सायकल" असं "ची"ला जुळणारंच काहीतरी आणावं लागणार. चौथा "गच्चीवरून" म्हणाला की पाचव्याला "फेकली" म्हणताना मागे आलेली कढई आठवायला हवी, "फेकला" म्हटलं की सगळे ओरडतात. व्याकरणच ऐकायला भाग पाडतं. मनात आधीच जुळवून ठेवलेला विनोदी शब्द इथे बसतच नाही, कारण लिंग चुकतं. तोंडाळांवर याच्याइतका गुणकारी उपाय मला सापडलेला नाही.

तिसरा फायदा अरे-तुरे आणि अहो-जाहोचा. कुठल्याही प्रसंगात पहिल्या तीन-चार वाक्यांत प्रेक्षकाला कळावं लागतं: कोण, कुठे, एकमेकांचे कोण लागतात. मराठीत यातलं निम्मं काम एका शब्दात होतं. "आलीस?" म्हटलं की समोर बाई आहे आणि ती जवळची किंवा धाकटी आहे, हे सांगून झालं. "आलात?" म्हटलं की अंतर पडलं. "आली का स्वारी?" म्हटलं की भांडण कालपासूनचं आहे. जोडी करून ही चार वाक्यं घ्या:

– आलात?
– हो.
– जेवलात?
– नाही अजून.

शब्द तेच ठेवून सासू-जावई खेळा, मग घरमालक-भाडेकरू. मग "आलास, जेवलास" करून दोन भाऊ, त्यांतला एक तुरुंगातून सुटून आलेला. शिवाय हाक मारा. "मामा, आईला सांगू नका" आणि "मामा, पीयूसी घरी राहिलंय, सोडा ना" यांत एकच शब्द, पण एकात घर आहे, दुसऱ्यात चौक आणि शिट्टी. मावशीचंही तसंच, आईची बहीण असेल, नाहीतर दवाखान्यातली.

जॉनस्टोन यांचं वरचढपणाचं काम इथेच जोडून घ्या. बोलताना डोकं स्थिर ठेवा, तुम्ही वरचे वाटता. सारखा चेहऱ्याला हात लावा, अर्धवट वाक्यं बोला, खालचे वाटता. आता तलाठी आणि शेतकरी असा प्रसंग खेळा. तलाठी खुर्चीत रेलून, "तुझा सातबारा? बघू पुढच्या आठवड्यात." मग शेतकऱ्याच्या पिशवीतून कलेक्टरची चिठ्ठी निघते. "आपला सातबारा होय? बसा ना, चहा घेणार?" तुझाचा आपला झाला आणि दोन माणसांची उंची बदलली. प्रसंगात काहीतरी घडणं म्हणजे बहुतेक वेळा हेच असतं. खून, भूकंप, परग्रहावरची माणसं यांची गरज नसते.

हवेतला चहा

मंचावर दोन खुर्च्या सोडून काही नसतं, वस्तू हाताने दाखवायच्या. याचा गृहपाठ स्वयंपाकघरात होतो. एकदा खरा चहा करा, हातांकडे नीट बघत: पातेलं किती जड, लायटर कुठल्या हातात, सांडशी पकडताना अंगठा कुठे जातो, गाळताना दुसरा हात काय करतो. लगेच ओट्यापासून दोन पावलं मागे सरून तोच चहा हवेत करा. बहुतेकांचं गाळणं हवेतच गायब होतं, ते खाली ठेवायचं राहून जातं. बैठकीत हे खेळताना बाकीच्यांनी लक्ष ठेवायचं ते टेबलावर. एकाने टेबल मांडलं आणि दुसरा त्यातून आरपार चालत गेला की प्रेक्षकाचा विश्वास उडाला.

पहिला पूर्ण प्रसंग

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तीन मिनिटांचे प्रसंग सुरू करा. दोघं, एक शब्द बाहेरून दिलेला. पहिल्याने मंचावर येऊन बोलायच्या आधी काहीतरी करायला घ्यावं: कपडे वाळत घालावेत, भाजी निवडावी, पंक्चर काढावं. दुसऱ्याने येताना समोरचा काय करतोय ते बघावं आणि नात्याने हाक मारावी. पहिलं वाक्य प्रश्नाचं नको. "हे काय आहे?" विचारलं की सगळं ओझं जोडीदाराच्या डोक्यावर टाकलं. "दादा, आईची पैठणी दोरीवर घालतात का?" हाही प्रश्नच, पण तो देऊन जातो: दादा, आई, पैठणी, दोरी, राग.

मग थांबा आणि जोडीदाराकडे बघा. पहिली विचित्र गोष्ट दिसेल तिला धरून राहा. दादाला पैठणीविषयी अवघडल्यासारखं वाटतंय? मग तेच, तेच खणत राहायचं. नवखे इथे दुसरं पात्र आणतात, फोन वाजवतात, पाऊस पाडतात. भीतीपोटी.

ब्लँक तर व्हालच. तेव्हा मेंदूत शोधू नका, तिथे काही नसतं. हातातलं काम चालू ठेवा. समोरच्याचा चेहरा जसा दिसतोय तसा शब्दांत सांगा: "तू घामाघूम झालायस." एवढ्यावर पुढचं वाक्य त्याच्याकडून येतं. आणि दहा सेकंदांची शांतता तुम्हाला तासभराची वाटली तरी प्रेक्षकाला ती विचार करणाऱ्या माणसाची वाटते.

प्रसंग संपवायचा कधी? मोठा हशा आला, किंवा नातं उलटलं, की बाहेरच्यांपैकी कुणीतरी मंचाच्या पुढून पळत जावं. म्हणजे हा प्रसंग पुसला, पुढचा सुरू. हे काम प्रसंगातल्यांनी करायचं नाही, बाहेरच्यांनी जागं राहायचं. शिकागोच्या परंपरेत डेल क्लोज यांच्या नावाशी जोडलेला 'हॅरॉल्ड' नावाचा लांब आकृतिबंध आहे, त्यात सुटे प्रसंग परत परत येऊन एकमेकांत गुंततात. व्हिडिओ बघून तो करावासा वाटेल. सहा महिने थांबा.

लोकांसमोर

दहा-बारा बैठकांनंतर पंधरा-वीस ओळखीच्या माणसांसमोर वीस मिनिटं करा, कुणाच्या तरी दिवाणखान्यात. तिकीट नको. महाराष्ट्रात जाहीर नाट्यप्रयोगाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते, आणि तुमच्याकडे संहिता हीच गोष्ट नाही; सभागृह घेऊन तिकीट लावायचं मनात असेल तर आधी रीतसर चौकशी करा. ही कटकट फक्त आपली नाही. ब्रिटनमध्ये १९६८ पर्यंत प्रत्येक नाटक लॉर्ड चेंबरलेनच्या कचेरीतून मंजूर होऊन यावं लागे, त्यामुळे जॉनस्टोन यांना लोकांसमोरचा उत्स्फूर्त खेळ शिकवणीचा वर्ग म्हणून दाखवावा लागला होता.

प्रेक्षकांकडून विषय मागताना "एखादी जागा सांगा" म्हणू नका. शंभरातले नव्वद "संडास" म्हणतात आणि स्वतःच हसतात. नेमकं विचारा, आणि असं विचारा की उत्तर देणाऱ्याला क्षणभर घरी जाऊन यावं लागेल. आमचा ठरलेला प्रश्न असा: "तुमच्या घरातली अशी वस्तू सांगा, जी कुणी वापरत नाही, पण टाकतही नाही."

आमच्या पहिल्या खेळात मागच्या रांगेतल्या एक काकू हळूच म्हणाल्या, "रुखवतातलं मण्यांचं तोरण." दोघीजणी पुढे आल्या. एक खाली बसून खोक्यातलं सामान काढायला लागली, दुसरी आली ती दारातच थबकली. बसलेलीने वर बघितलं. "ताई, आईचं तोरण मी गेल्या दिवाळीतच..."

इथे ती अडली. खरंच अडली, तिला पुढचं सुचलेलं नव्हतं, हे आम्हाला कडेने दिसत होतं. ताई झालेली मुलगी आमच्यातली सगळ्यात तोंडाळ. ती काही बोलली नाही. खोक्याकडे बघत उभी राहिली.

"...उसवलं."